फेजची बाटली तळ्यात ओतण्याआधी : दूधगंगेकाठचं एक प्रकरण

पहिल्या दिवशी अकरा मासे तरंगले, दुसऱ्या दिवशी सदतीस. तिसऱ्या दिवशी पहाटे मामांचा फोन आला तोवर त्यांनी मोजणं सोडून दिलं होतं. "पोरी, मासं मराय लागल्यात. काल एकजण बाटली देऊन गेलाय. जंतू खाणारं जंतू हाईत म्हणतोय ह्यात. ओतू काय?"

"मी येईपर्यंत काही ओतू नका," एवढंच सांगितलं आणि निपाणीची पहिली बस धरली.

मी बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. बॅक्टेरिओफेज, म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू, हा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो आणि तो मला मनापासून आवडतो. मत्स्यशेतीत अँटिबायोटिकच्या जागी फेज यावेत असं मी वर्गात कितीदा तरी म्हटलं आहे. पण "ओतू काय?" असं आजवर कुणी सरळ विचारलं नव्हतं. त्या दोन शब्दांचं उत्तर द्यायला मला बारा दिवस लागले. ते दिवस इथे सविस्तर मांडते आहे, कारण तशीच बाटली उद्या दुसऱ्या कुणाच्या बांधावर येणार आहे.

तळं आणि त्याचा इतिहास

मामांचं गाव चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही. उसाच्या फडाला लागून त्यांचं वीस गुंठ्यांचं मातीचं तळं आहे, खोली सरासरी सहा फूट. २०१९च्या महापुरात नदी आणि तळं एक झालं आणि सगळे मासे वाहून गेले. मामांनी बांध उंच केला आणि पुन्हा उभे राहिले, पण तो खर्च डोक्यावर राहिला. तो भरून काढायला बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, जास्त सोडायची सवय तेव्हापासून लागली. रोहू, कटला, मृगळ यांच्या मिश्र शेतीत हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली धरतात. वीस गुंठ्यांना फार तर दोन हजार. मामांनी सोडली होती चार हजार.

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. पाणी गर्द हिरवं, हात बुडवला तर कोपरापासून खालचं दिसेना. सकाळी साडेआठलाही काही मासे कडेला येऊन तोंड वर काढत होते. मेलेल्यांच्या पोटाखाली आणि परांच्या बुडाशी लाल चट्टे होते. काहींचं पोट फुगलेलं, खवले उभे राहिलेले, एका कटल्याचा डोळा बाहेर आलेला. कल्ले उघडून पाहिले तर लालभडक असायच्या जागी फिकट, धुतलेल्या विटेच्या रंगाचे.

मी पोहोचायच्या आधी काय काय केलं ते मामांनी न लपवता सांगितलं, आणि या प्रकरणात त्याचं मोल मोठं आहे. पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी तीन पोती कळीचा चुना मारला, कारण "पाणी खराब झालं की चुना" हे सगळेच सांगतात. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावातल्या जनावरांच्या औषधाच्या दुकानातून ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची पावडर आणली आणि शेंगपेंड व भाताच्या कोंड्यात कालवून टाकली. चिठ्ठी कुणी मागितली नाही, किती दिवस द्यायची ते कुणी सांगितलं नाही. गेल्या दोन हंगामांतही असंच केलं होतं. यंदा मासे खायलाच आले नाहीत. पेंड तळाला गेली आणि तिथंच आंबली.

माशाला औषध देण्यातली अडचण इथंच आहे. गाय आजारी पडली तर एका गाईला टोचता येतं. तळ्यात औषध खाद्यातून द्यावं लागतं, आणि आजारी मासा सगळ्यात आधी खाणं सोडतो. मग औषध खातात ते धडधाकट मासे, आणि उरलेलं जातं गाळात. त्या गाळात जे लाखो प्रकारचे जिवाणू आहेत त्यांना ते थोडंथोडं, रोज मिळतं. औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार व्हायला यापेक्षा सोयीची शाळा नाही. वर तो प्रतिकार देणारी जनुकं एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. माशाच्या रोगजंतूकडून माणसाच्या रोगजंतूकडेही. तळ्याचं पाणी पुढं उसाला जातं, तिथून ओढ्याला आणि ओढ्यातून दूधगंगेला.

विक्रीचा प्रश्न वेगळाच. खाण्याच्या माशात ऑक्सिटेट्रासायक्लिनचा अंश किलोला ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको, असा आपल्याकडे अन्नसुरक्षेचा नियम आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या औषधांना तर पूर्ण बंदी. थंड पाण्यात मासा औषध हळू बाहेर टाकतो, त्यामुळे नोव्हेंबरात औषध खाल्लेला मासा घाईने बाजारात नेणं बरोबर नाही. मामांना हे माहीत नव्हतं. मासळी खात्याचं माहितीपत्रक घरात होतं, पण ते कन्नडमध्ये. मामा कन्नड फर्डं बोलतात, लिपी वाचता येत नाही. शेवटी त्यांच्या नातवानं ते आम्हाला वाचून दाखवलं.

बाटली

आता ती बाटली. एक लिटरची, निळी, किंमत दोन हजार चारशे रुपये. आणणारा माणूस खाद्य विकणाऱ्याच्या ओळखीचा, पैसे नंतर द्या म्हणून ठेवून गेलेला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की यात फेज आहेत आणि माशांच्या सर्व जिवाणूजन्य रोगांवर ते चालतात.

माझा पहिला संशय "सर्व" या शब्दावर आला. फेज असं वागत नाही. जिवाणूच्या अंगावरच्या एका ठरावीक रेणूला फेज चिकटतो. तो रेणू नसेल किंवा जरा बदललेला असेल तर तो शेजारून वाहत जातो, काही करत नाही. एकाच जातीच्या दोन वाणांपैकी एकाला मारेल आणि दुसऱ्याला शिवणारही नाही. चिकटला की मात्र आपला डीएनए आत सोडतो, जिवाणूच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती बनवून घेतो आणि अर्ध्या-पाऊण तासात भिंत फोडून डझनांनी, कधी शेकड्यांनी बाहेर पडतो. ते नवे फेज पुढच्या जिवाणूला गाठतात. म्हणूनच फेजचा मला एवढा ओढा आहे: अँटिबायोटिक वापरलं की संपत जातं, फेज मात्र शत्रू असेतोवर वाढतो आणि शत्रू संपला की हळूहळू ओसरतो. शिवाय तळ्यात अमोनिया पचवणारे जे उपकारी जिवाणू असतात, त्यांना धक्का लागत नाही.

पण या सगळ्या गुणांची मुळी एकच आहे, नेमका फेज नेमक्या जिवाणूला. त्यामुळे बाटलीवर जिवाणूचं नाव नाही, एका मिलिलिटरमध्ये किती फेज आहेत ते नाही, बनवल्याची तारीख नाही, थंड ठेवा की नको तेही नाही, आणि दावा मात्र सर्व रोगांचा, हे जुळत नव्हतं.

"पण ओतून बघाय काय हुतंय? इख तर न्हाई न्हवं त्ये?" मामांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून मी तिथंच बांधावर बसून हिशेब करून दाखवला.

वीस गुंठे म्हणजे साधारण दोन हजार चौरस मीटर. सहा फूट पाणी धरलं तर छत्तीस लाख लिटरच्या आसपास. समजा बाटली अगदी उत्तम आहे आणि दर मिलिलिटरला शंभर कोटी फेज आहेत. पूर्ण लिटर ओतलं की तळ्याच्या दर मिलिलिटरला येतात पावणेतीनशे. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण फेजला पाय नाहीत, पोहता येत नाही. तो पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडून तिकडे होतो आणि योगायोगाने जिवाणूला धडकतो. प्रयोगशाळेत हे धडकणं मोजलेलं असतं. त्या नेहमीच्या दराने पाहिलं तर पावणेतीनशे फेजच्या पाण्यात एका जिवाणूला पहिला फेज भेटायला सरासरी पंचवीसशे दिवस लागतील. जवळजवळ सात वर्षं. तोवर उन्हातल्या अतिनील किरणांनी बहुतेक फेज निकामी झालेले असतील.

मामा बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले. "सात वर्सं," एवढंच म्हणाले.

हा हिशेब ढोबळ आहे हे मी त्यांनाही सांगितलं. माशाच्या अंगात, जखमेत जिवाणूंची दाटी असते. तिथं एखादा फेज पोहोचला तर तो भराभर वाढतो. जपानमध्ये १९९९ आणि २००० साली फेजवरचे जे गाजलेले प्रयोग झाले, यलोटेल माशावर आणि आयू माशावर, त्यांत फेज खाद्यातून किंवा टोचून थेट माशाच्या अंगात दिले होते. आपल्या कर्नाटकातच मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात इंद्राणी करुणासागर आणि इड्ड्या करुणासागर यांच्या गटाने कोळंबीच्या हॅचरीत चमकणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूविरुद्ध फेज वापरले आणि कोळंबीची पिल्लं जास्त जगली. २००६-०७च्या सुमाराचं ते काम. तिथं टाक्या होत्या, मोजकं पाणी होतं, जिवाणू आधी ओळखलेला होता आणि फेज त्याच्यावर तपासून घेतलेला होता. वीस गुंठ्यांचं उघडं तळं आणि अनोळखी बाटली यांचा या कामाशी संबंध जोडणं हा त्या कामावर अन्याय आहे.

बांधावरची सकाळ

नमुना घेताना मेलेला मासा घ्यायचा नाही. मेल्यावर तासाभरात पाण्यातले इतर जिवाणू आत शिरतात आणि खरा गुन्हेगार गर्दीत हरवतो. मरायला टेकलेले, पण कल्ले हलणारे पाच मासे जाळ्याने काढले, वेगवेगळ्या पिशव्यांत घालून बर्फाच्या डब्यात ठेवले. दोन बाटल्यांत तळ्याचं पाणी, एका डब्यात कडेचा काळा गाळ घेतला. निळ्या बाटलीतलंही थोडं द्रव निर्जंतुक नळीत घेतलं.

मामांच्या अंगठ्याला जाळ्याची दोरी कापून जखम झाली होती आणि ते तसाच हात पाण्यात घालत होते. मी त्यांना हातमोजे घालायला लावले. ज्या जिवाणूवर माझा संशय होता तो माणसाच्या जखमेतही शिरतो. मत्स्यशेती करणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं असं मला कळकळीनं वाटतं. मासे वाचवायच्या नादात बोट गमावायची वेळ येऊ नये.

मग पाणी तपासलं. माझ्याकडच्या साध्या किटवर अमोनिया भरपूर दिसला. दुपारी तीनला पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, ८.९. हे दोन आकडे शेजारीशेजारी आले आणि चुन्याची गोष्ट उलगडली. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक निरुपद्रवी आणि एक विषारी. २५ अंश तापमानाला पीएच ८ असेल तर विषारी रूप पाच टक्क्यांच्या आसपास असतं. पीएच ९ झाला की तेच छत्तीस टक्क्यांवर जातं. हिरव्या शेवाळ्यामुळे दुपारी पीएच आधीच चढलेला असतो, त्यात भर दुपारी कळीचा चुना पडला आणि तो आणखी वर गेला. अमोनिया वाढला नाही, होता तोच जहाल झाला. चुना वाईट नाही. तळं कोरडं असताना, मासे सोडायच्या आधी तो हवाच. पण मासे आत असताना, अमोनिया न मोजता, दुपारी कळीचा चुना टाकणं म्हणजे आगीत तेल.

रात्री मी तिथंच राहिले. पहाटे साडेपाचला मीटर पाण्यात सोडला. विरघळलेला प्राणवायू लिटरला १.८ मिलिग्रॅम. रोहू-कटल्यासारख्या कार्प माशाला तीनच्या खाली त्रास सुरू होतो. दिवसा प्राणवायू देणारं शेवाळच रात्री तो ओढून घेतं, आणि चार हजार मासे असतातच. सूर्य उगवायच्या आधीचा तो तास तळ्यातला सगळ्यात वाईट तास असतो आणि मोजायला कुणी उठत नाही.

त्याच सकाळी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. खाद्य पूर्ण बंद. चुना बंद, औषध बंद. उसाला पाणी देणारा मोटरपंप तळ्याकडे वळवला, पाइपाच्या तोंडाला भोकं पाडलेला पत्रा बांधला आणि रात्री बारापासून सकाळी सातपर्यंत पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यातच पाडायचं ठरवलं. रात्रीची वीज असते त्या पाळ्यांचा मेळ मामांनी शेजाऱ्याशी बोलून घातला. रोज बोअरचं ताजं पाणी थोडं थोडं सोडायचं. मेलेला मासा दिसला की काढून खड्ड्यात पुरायचा, वर चुना. चुन्याची खरी जागा ती.

प्रयोगशाळेत

माशांच्या मूत्रपिंडातून सुईने घेतलेलं द्रव प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीवर, ओढलं. पाचपैकी चार माशांत दुसऱ्या दिवशी एकाच रूपाच्या वसाहती आल्या, मलईच्या रंगाच्या, गोल, चकचकीत. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅम-ऋण (ग्रॅमचा रंग दिल्यावर गुलाबी दिसणाऱ्या) काड्या, वळवळत फिरणाऱ्या. जिवाणू ओळखायची ऑक्सिडेज चाचणी केली तर कागद काही सेकंदांत जांभळा. एरोमोनास नावाचा जिवाणू. नेमकी जात सांगायला जनुकांचा क्रम काढावा लागतो, ते आमच्याकडे होत नाही, म्हणून मी तेवढ्यावर थांबले.

एरोमोनास प्रत्येक गोड्या पाण्यात असतो, निरोगी माशाच्या आतड्यातही असतो. तो बाहेरून आलेला दरोडेखोर नाही. प्राणवायू कमी, अमोनिया जास्त, दाटी जास्त, जाळं ओढताना खरचटलेलं, असं सगळं जुळून आलं की मग तो रक्तात उतरतो. त्यामुळे "रोग कशानं आला" याचं प्रामाणिक उत्तर "जिवाणूनं आणि आपण" असं द्यावं लागतं. मामांना हे फोनवर सांगताना मला जड गेलं.

कुठलं औषध त्याला मारतं ते बघायला जिवाणूच्या थरावर औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या चकतीभोवती जिवाणू अगदी काठापर्यंत उगवला होता. मोकळी जागा शून्य. म्हणजे माशांनी ती पेंड खाल्ली असती तरी उपयोग नव्हता.

मग निळी बाटली. प्लेटभर एरोमोनासचा पातळ थर पसरला आणि त्यावर बाटलीतल्या द्रवाचे थेंब सोडले, एक गाळलेला, एक न गाळलेला, आणि तुलनेसाठी नुसत्या रश्शाचा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या पोषक द्रवाचा, एक. फेज असतील आणि या जिवाणूला लागू पडत असतील तर थेंबाच्या जागी थर विरघळून काचेसारखी गोल खिडकी दिसते. दुसऱ्या दिवशी गाळलेल्या थेंबाखाली थर जसाच्या तसा होता. न गाळलेल्या थेंबाच्या जागी पांढरे, सुरकुतलेले, वेगळेच जिवाणू उगवले होते. बाटलीत फेज नव्हतेच असं मी यावरून म्हणणार नाही. दुसऱ्या कुठल्या जिवाणूचे असतीलही. मामांच्या तळ्यातल्या जिवाणूला मारणारे नव्हते, एवढं पक्कं. बाटली परत गेली. आणणाऱ्या माणसानं वाद घातला नाही, त्यालाही आत काय आहे ते ठाऊक नव्हतं.

इथं थांबता आलं असतं. पण मला राहवेना.

जिथं जिवाणू तिथं त्याचे फेज, हे या शास्त्राचं जुनं गमक आहे. आग्र्याला अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली दाखवलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. त्यामागं फेज असावेत असं आज मानलं जातं. फेजचा शोध त्यानंतरचा, लंडनमध्ये ट्वॉर्ट यांचा १९१५चा आणि पॅरिसमध्ये देरेल यांचा १९१७चा. हेच देरेल १९२७मध्ये कॉलऱ्यावर फेज वापरायला हिंदुस्थानात आले होते. पुढं पेनिसिलिन आलं आणि जगाच्या मोठ्या भागात फेज मागं पडले. जॉर्जियातल्या तिब्लिसीच्या संस्थेनं, १९२३ची ती, काम चालू ठेवलं. आता अँटिबायोटिक थकत चालली तेव्हा सगळ्यांना पुन्हा आठवण झाली आहे.

तळ्याचा काळा गाळ पाण्यात घुसळला, त्यात रस्सा आणि मामांच्या माशातला एरोमोनास घातला, रात्रभर ३० अंशाला हलत ठेवला. सकाळी गरगर फिरवून गाळ खाली बसवला आणि वरचं द्रव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलं. या गाळणीतून जिवाणू जात नाहीत, फेज जातात. ते पातळ करत करत मऊ अगारमध्ये, म्हणजे पातळ जेलीत, जिवाणूसोबत प्लेटवर ओतलं.

सातव्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला. प्लेट उजेडाकडे धरली. दुधावरच्या सायीसारखा जिवाणूंचा थर आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ, काठ धारदार असलेली गोल भोकं. एकशे बारा मोजली. पंधरा वर्षं मी विद्यार्थ्यांना ठेवणीतल्या जिवाणूंवर ही भोकं दाखवत आले, पण ही भोकं मामांच्या तळ्यातल्या गाळानं मामांच्या तळ्यातल्या रोगात पाडली होती. मी फोटो पाठवला. मामांचा फोन आला, "म्हंजी औषध चिखलातच हुतं व्हय?"

होतं, आणि तरीही मासे मरत होते. चिखलात ते फार थोडे होते, माशाच्या रक्तापर्यंत पोहोचत नव्हते. आणि दहाव्या दिवशी त्याच प्लेटनं दुसरी गोष्ट दाखवली. स्वच्छ भोकांच्या आत बारीक ठिपके उगवले होते. फेजला न जुमानणारे एरोमोनास. अँटिबायोटिकला जसा प्रतिकार येतो तसा फेजलाही येतो, आणि तीन दिवसांत येतो. म्हणून एकट्या फेजवर भिस्त ठेवत नाहीत. वेगवेगळ्या रेणूंना चिकटणारे तीन-चार फेज एकत्र करतात. यात एक दिलासा आहे. आयू माशावरच्या त्या जपानी कामात फेजला चुकवणाऱ्या जिवाणूंची रोग करायची ताकदच गेलेली आढळली. अंगावरचा जो रेणू टाकून जिवाणू फेजपासून वाचतो, तोच कधीकधी त्याचं हत्यार असतो. आमच्या ठिपक्यांचं तसं आहे की नाही हे तपासल्याशिवाय बोलणं चूक.

आणखी एक तपासणी राहते आणि ती टाळून चालणार नाही. काही फेज जिवाणूला लगेच मारत नाहीत, त्याच्या डीएनएत मुक्काम करतात आणि कधी सोबत विषाची जनुकंही आणतात. कॉलऱ्याच्या जंतूचं जहर असंच एका फेजनं आणलेलं आहे, हे १९९६मध्ये सिद्ध झालं. म्हणून कुठलाही फेज माशाला देण्याआधी त्याचा संपूर्ण जनुकक्रम वाचलेला हवा. स्वच्छ भोकं हे शुभलक्षण आहे, दाखला नव्हे.

तेव्हा "ओतू काय?" याचं माझं उत्तर बाराव्या दिवशी "नाही" असंच होतं. विकत आणलेला नाही आणि स्वतः शोधलेलाही नाही.

तळ्याचं काय झालं

मासे सहाव्या दिवसापासून कमी मरू लागले. नवव्या दिवशी दोन, दहाव्या दिवशी एकही नाही. एकूण साडेपाचशेच्या आसपास गेले. पहाटेचा प्राणवायू लिटरला साडेतीन-चार मिलिग्रॅमवर टिकला. मोटरपंप, खाद्यबंदी आणि ताजं पाणी यांपैकी नेमकं कशामुळे, ते वेगळं काढून सांगता येणार नाही, तिन्ही एकाच सकाळी सुरू केलं होतं. अर्धे मासे मामांनी फेब्रुवारीत काढले, तोवर औषधाला तीन महिने होऊन गेले होते.

फेज कुठं वापरता येईल यावर मी हिवाळाभर विचार करत होते आणि बांधावरचा तोच हिशेब उलटा करून पाहिला. बोटुकली येतात तेव्हा गाडीत दाटीनं, खरचटत, घाबरलेल्या येतात. एरोमोनासला तीच संधी असते. तळ्यात सोडण्याआधी त्यांना दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये काही तास ठेवता येतं, हवेचा पंप लावून. तेच एक लिटर द्रव छत्तीस लाख लिटरऐवजी दोनशे लिटरमध्ये पडलं तर दर मिलिलिटरला पन्नास लाख फेज होतात. जिवाणूला पहिला फेज भेटायला सात वर्षांऐवजी सरासरी दोनशे मिनिटं लागतात. फेजची जागा बॅरलमध्ये आहे, तळ्यात नाही, असं माझं आज ठाम मत आहे.

ते करायला मात्र एका प्लेटवर भागणार नाही. गाळातून आणखी दोन फेज मिळाले आहेत, तिन्हींचा जनुकक्रम काढायला पाठवला आहे. तो निर्दोष निघाला तर आधी मत्स्य महाविद्यालयातल्या जाणकारांच्या देखरेखीखाली थोड्या माशांवर, फेज घातलेली टाकी आणि न घातलेली टाकी शेजारीशेजारी ठेवून बघायचं. त्याआधी मामांच्या बोटुकलीवर नाही. यंदा त्यांच्यासाठी फक्त साध्या पाण्याचं बॅरल आणि हवेचा पंप आहे.

फेज आमच्या फ्रिजमध्ये चार अंशावर आहेत, एरोमोनास ग्लिसरीनमध्ये गोठवलेला. परवा मामांचा फोन आला. पाऊस लागलाय, दूधगंगा अजून पात्रात आहे, बीजाची गाडी पंधरा दिवसांत येतेय.

"किती सांगितलीत?" मी विचारलं.

"दोन हजारच सांगितल्यात. आणि पाट पाचला उठून त्यो मीटर बघालोय रोज. आज चार पॉइंट एक हाय."